फक्त हात दिसेल

लेक आज स्टेजवरून आपली ओळख करून देणार, म्हणून बाबा नवा शर्ट घालून बसले होते. कलामहाविद्यालयाची किचकट वेबसाइट तिने नव्याने बनवली होती. जुनी किती छळते हे दाखवायला बाबांच्याच हाती माउस देऊन शूटिंग केलं होतं. “बाबा, फक्त हात दिसेल!” पडद्यावर तो हात आला; निळ्या खड्याची अंगठी, गोंधळलेली बोटं. प्रवेशअर्ज शोधताना माउसचा बाण तिसऱ्यांदा ग्रंथालयात घुसला, तसं सभागृह फिदीफिदी हसलं. “हे आजोबा मला बसस्टॉपवर सापडले,” लेक माइकवर ठसक्यात म्हणाली. “नव्या साइटवर यांचं मांजरसुद्धा प्रवेश घेईल!” टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईंनी हसतच विचारलं, “तुमचं कोण शिकतं इथे?” “कोणी नाही हो,” म्हणत बाबांनी अंगठीचा हात खिशात घातला. स्टेजवरून लेकीने ते पाहिलं आणि डोळ्यांनीच थँक्यू म्हटलं.