चार बोटं गवत

मापाचं ड्रोन माळावर सात वाजता येणार होतं, आणि ठकूबाई पहाटेपासून पाच वेळा गवतापाशी जाऊन आली होती. गवत काही वाढलं नव्हतं.

यंदापासून नियमच तसा होता. पेरल्यापासून चाळिसाव्या दिवशी गवत वीतभर दिसलं, तर कुरण मेंढ्यांना राहायचं. नाहीतर तिथे सोलर पॅनेल बसायचे. शेजारच्या सत्वाने एका पावसाळ्यात उगवून मरणारं गवत पेरलं होतं. ते गुडघ्याला लागत होतं. ठकूबाईने पेरलं होतं वर्षानुवर्षं टिकणारं मारवेल.

“काकू, तुला म्हटलं होतं, हेच पेर म्हणून,” सत्वा म्हणाला.

“माझं आधी खाली जातंय, बाबा. मग वर येईल.”

ड्रोन आलं, दोन घिरट्या घालून बोललं, “सत्वा, पास. ठकूबाई, चार बोटं, नापास. हरकत असेल तर आत्ताच दाखवा.”

ठकूबाईने मेंढी सोडली. तिच्या सासऱ्यापासून नवं कुरण असंच पारखत आले होते. सत्वाच्या गवताला मेंढीने हिसका दिला, तसा अख्खा झुपका मुळासकट तिच्या तोंडात आला. मग ती मारवेलात शिरली. तिने ओढलं, मान झटकली, पुन्हा ओढलं. पातं तुटलं, मूळ जागचं हललं नाही.

“बघ! बघ की!” ठकूबाई वर तोंड करून ओरडली.

ड्रोन खाली उतरलं. त्याने मेंढीच्या तोंडापाशी पुन्हा माप घेतलं.

“दुरुस्ती,” ते म्हणालं. “तीन बोटं.”