बियाण्याच्या काकड्या

चौथी काकडीही गेली. वेलाखाली मातीत लाल दोऱ्याचा कापलेला तुकडा तेवढा पडला होता.

ताईंनी तो उचलून खिशात टाकला. सहापैकी उरल्या दोन.

काकडीसारखी काकडी, एवढं काय त्यात, असं कोणी म्हणेल. पण या सहा काकड्या बियाण्यासाठी राखलेल्या होत्या, ताईंच्या वडिलांच्या वाणाच्या. मागच्या वर्षीचं बी किडलं, आणि बाबांच्या डब्यातलं शेवटचं बी यंदा पेरून संपलं. खायच्या वेळी तोडलेल्या काकडीत बी कच्चंच असतं. ती वेलावरच पिवळी पडेपर्यंत ठेवावी लागते, आणखी चांगले दोन आठवडे. पानगळ सुरू झाली होती, थंडी दारात येऊन उभी होती, नवीन फळ धरायला वेळ नव्हता. या दोन गेल्या की बाबांची काकडी कायमची संपली.

मांडवावर सगळे वेल हिरव्या दोऱ्याने बांधलेले होते. बियाण्याच्या सहा फळांच्या देठांना मात्र ताईंनी स्वतःच्या हाताने लाल दोरा बांधला होता. घरात तीनतीनदा बजावलंही होतं, "लाल दोऱ्याला कोणी हात लावायचा नाही!"

घरात माणसं किती? ताईंना धरून तीन. शेतात वाटा घेतलेली चाळीस कुटुंबं बुधवारी-शनिवारी येत, शेडमधून आपापली भाजीची पेटी उचलत आणि जात. मांडवाकडे कोणी फिरकत नसे. ही सगळी मंडळी त्यांना ताई म्हणत, त्यामुळे त्यांचे यजमान आपोआप सगळ्यांचे दाजी झाले होते. पहाटेची तोडणी दाजींकडे. पेट्या भरायचं काम वन्संचं, म्हणजे दाजींच्या धाकट्या बहिणीचं.

"अहो, तोडायला जाता तेव्हा लाल दोऱ्याच्या काकड्या असतात का जागेवर?" ताईंनी चहा ओतताना विचारलं.

"मला तर एकही लाल दोरा दिसला नाही बुवा," दाजी म्हणाले. "मी जातो तोवर गेलेल्याच असणार."

झालं! म्हणजे त्यांच्याही आधी कोणीतरी जात होतं. ताईंच्या मनात पाल चुकचुकली.

शेडच्या दारात वन्सं मिरच्या निवडत बसल्या होत्या. लाल-हिरव्या सगळ्या एकाच क्रेटमध्ये कोंबायची दाजींची जुनी खोड, आणि ती निस्तरायची बहिणीने. तीन वर्षांपूर्वी सासर सोडून एका पिशवीनिशी आल्या तेव्हा ताईंनीच त्यांना आत घेतलं होतं. "राहा हो, घर तुमचंच आहे," असं तोंडभरून म्हटलं होतं. आता ते आठवून ताईंना स्वतःचाच राग आला.

कारण मागच्याच महिन्यात रोपवाटिकावाला येऊन गेला होता. बाबांच्या काकडीचं बी त्याने दोनदा मागितलं, ताईंनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. जाताना तो शेडपाशी वन्संशी बराच वेळ बोलत उभा होता. काय बोलला, ते वन्संनी सांगितलं नव्हतं. ताईंनीही विचारलं नव्हतं. आता विचारून काय, घरचाच भेदी तो!

बुधवारी अंधुक उजाडायच्या आत ताई शाल गुंडाळून खताच्या ढिगामागे जाऊन बसल्या. पाय बधिर झाले. इतक्यात वन्सं आल्या. इकडेतिकडे बघत, दबक्या पावलांनी, थेट मांडवाकडे. गुडघे टेकून त्यांनी लाल दोऱ्याच्या काकडीला हात घातला.

"वन्सं!"

वन्सं केवढ्यानं दचकल्या. "वहिनी? इतक्या पहाटे?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

"पानं... पानं सारखी करत होते."

"पानं! त्या रोपवाटिकावाल्याने पानं मागितलीत वाटतं?"

"शपथेवर सांगते वहिनी, मी एकही तोडलेली नाही."

"मग काय पाय फुटले काकड्यांना?"

वन्संचे डोळे भरून आले. "मला विचारू नका. तुम्ही म्हणता तर मी जाईन. फक्त दादाला यात ओढू नका."

चोर तो चोर, वर शिरजोर! ताई म्हणाल्या, "उद्याच जा."

गुरुवारी वन्सं आल्या तशाच एका पिशवीनिशी बसमध्ये बसल्या. दाजी फाटकापर्यंत गेले, बस वळेपर्यंत उभे राहिले. "तुला पटलं तसं केलंस," एवढंच म्हणाले आणि रात्री जेवले नाहीत. ताईंनाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या मांडवाकडे गेल्या, दोन्ही काकड्यांवर ओढलेली पानं बाजूला केली, ऊन नीट लागू दिलं, आणि कितीतरी दिवसांनी निर्धास्त झोपल्या.

शनिवारी सकाळी दाजींनी क्रेट आणून शेडमध्ये टेकवला. बायकोशी दोन दिवसांचा अबोला मोडायचं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

"आज दोन काय सुरेख मिळाल्यात बघ! इतके दिवस पानांत दडून बसल्या होत्या लेकाच्या."

ताईंनी क्रेटमध्ये पाहिलं. वरच्याच दोन काकड्यांच्या देठांना लाल दोरा होता.

"अहो, हा देठाला दोरा..."

"राहिला का? एरवी कापून टाकतो मी तिथल्या तिथे."

"कुठल्या रंगाचा आहे हो तो?" ताईंनी विचारलं.

दाजींनी काकडी दाराच्या उजेडात धरली आणि दोरा नीट निरखून पाहिला.

"हिरवा. वेलांना बांधलाय तोच की."