फोटोत माणूस नको

मी प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडतो, रंगवतो आणि दर रविवारी सिद्धेश्वर धरणाच्या काठी नेऊन त्यांचे फोटो काढतो. मोबाईल उलटा करून जमिनीला टेकवला की वीतभर विमान खरंखुरं, आत्ता उडेल असं दिसतं.

माझी बायको करुणा शेजारी बसून विमानावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायची. वारा सुटला की तिचा पदर मधी यायचा आणि मी खेकसायचो, "अगं, बाजूला हो! फोटोत माणूस आला की विमान खेळणं वाटतं!"

"व्हय, सरकले," म्हणत ती मागं व्हायची. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पदर दातात धरायची.

करुणा गेली. परवा तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं बॅनर करायला हिंगोलीला गेलो. लग्नातला फोटो बघून दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, ह्याच्यात मावशी लईच लहान दिसून राहिल्या. आत्ताचा न्हाई का एखादा?"

"हाय की. दर रविवारी फोटोच तर काढायचो आमी," असं म्हणून मी मोबाईल त्याच्या हातात दिला.

तो एकेक फोटो सरकवत राहिला. अकराशे फोटो होते. एकातही करुणा नव्हती.

"ही विमानं मीच जोडलेली हायेत," मी कसंबसं म्हणालो.

त्यानं मान वर केली. डोळे चमकत होते त्याचे.



"लई भारी, काका! एकबी खेळणं वाटून न्हाई राहिलं."