थेट घरी

आपल्या मावशीचं, तिया रेमेदियोसचं, अंत्यदर्शन घेऊन नेस्तोर निघाला, तर भाड्याच्या ट्रायसिकलवाल्याने न विचारताच गाडी बेकरीपाशी उभी केली.

"घोटभर कॉफी घ्या. मयताच्या घरून थेट आपल्या घरी जाऊ नये. गेलेलं माणूस पाठोपाठ येतं. मध्ये थांबलं की त्याची वाट चुकते."

या एवढ्याशा फिलिपिनी शहरात हे सगळेच पाळत. नेस्तोर उतरला. हातात मिठाची बरणी होती, आत्ताच मावशीच्या शेजारणीने दिलेली. नव्या घरात मीठ आधी न्यायचं, म्हणून त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या या मावशीने ती त्याने घर घेतल्यापासून, तीन वर्षं, भरून ठेवली होती. शहर ते केवढं, चर्चपासून धक्क्यापर्यंत वीस मिनिटांत संपणारं. तरी ती "घर कधी दाखवतोस?" म्हणाली की तो म्हणायचा, "जत्रा होऊ दे, मग नेतो." तीन जत्रा होऊन गेल्या.

कॉफी आली. वाफ विरेपर्यंत तो बघत राहिला, मग न पिताच परत गाडीत येऊन बसला.

"थेट घरी घ्या," तो म्हणाला. "आणि जरा हळू चालवा. तिने घर पाहिलेलं नाही."