सासूबाईंचा फोन

"आई, तिसरा चार्जर आणला, तरी तुमचा फोन चार्ज होत नाही," सुवर्णा वैतागून म्हणाली.

"राहू दे गं. जुनाच झालाय तो," सासूबाई म्हणाल्या.

पण सुवर्णाने फोन बंद केला. पिनेने आतला भाग बिघडेल म्हणून लाकडी टूथपिक घेतली आणि चार्जर लावायच्या भोकात हलकेच फिरवली. धुळीऐवजी घट्ट दाबून बसवलेला कापूस बाहेर आला.

"हा तुम्ही कोंबलात?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "दादा रोज फोन करतो. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोड, सही कर म्हणतो. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मी मात्र दुकानात हेलपाटे घालायचे? एकदा काय ते सांगून टाका ना त्यांना." सुवर्णाने चिडूनच चार्जर लावला.

फोन सुरू झाला आणि थोड्याच वेळात दादांचा नंबर झळकला. सुवर्णाने तो सासूबाईंपुढे धरला. त्यांनी जरा थांबून घेतला.

"दादा, मी सही करणार नाही."

पलीकडचा आवाज चढला. सासूबाईंनी फोन कानालाच धरून ठेवला.

"ओरडू नकोस. हवं तर परत सांगते."