नकाशात नसलेला धबधबा

"फोन इथे ठेवायचा," सायमी पेल्टोला म्हणाली आणि तिने बिस्किटांचा रिकामा डबा टेबलावरून पुढे सरकवला.

वेंडल प्राइसने हसत फोन डब्यात टाकला. "आणखी काही, आजी? डोळ्यांवर पट्टी?"

"पट्टी बांधली तर खड्ड्यात पडशील. तुला उचलायला माझ्या गुडघ्यांत जोर नाही."

तिने झाकण लावलं. मग खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या आवळता आवळता ती बोलत राहिली.

"पुलाखालचा धबधबा असाच एकाला दाखवला होता. भला माणूस वाटला. महिन्याभरात चारशे गाड्या आल्या. शेवाळाचा चिखल झाला. आता तिथे लोखंडी कठडा आहे आणि कचऱ्याच्या तीन पेट्या. एल्माचा धबधबा तेवढा उरलाय. माझ्या आईचं नाव आहे त्याला. तोही गेला तर या सरोवराकाठी मला बघण्यासारखं काही राहणार नाही."

"मी कोणाला एक शब्द सांगणार नाही," वेंडल म्हणाला.

शब्द सांगायची गरजच नव्हती. दर रविवारी तो शिकागोहून पानगळीच्या रंगांचा नकाशा काढायचा आणि त्याच्या चाळीस हजार वर्गणीदारांना दर रविवारी नवी जागा हवी असायची. गेले तीन रविवार त्याने जुन्याच जागा फिरवून दिल्या होत्या. लोक सोडून चालले होते. मेपलचा खरा लाल रंग पाच-सहा दिवस टिकतो. हा रविवार हुकला तर हंगामच हुकला. फोन डब्यात होता, पण त्याचा कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर उपग्रहांकडून जागा नोंदवून ठेवत असे. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवी खूण पेटली की झालं. म्हातारीला हे कुठून कळणार? कॅमेरा बघून तिने विचारलं होतं, हल्ली रोल कुठे मिळतात.

चालायला एक तास दहा मिनिटं लागली. आभाळ भरलेलं होतं, सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. त्यांनी दोनदा ओढा ओलांडला. तो एकच ओढा असावा असं वेंडलला वाटलं.

"आपण गोल गोल तर फिरत नाही ना?"

"रान आहे हे, बाबा. शिकागोची गल्ली नाही."

मग पाण्याचा आवाज आला. आवाज वाढत गेला, इतका की दुसरं काही ऐकूच येईना.

धबधबा फार उंच नव्हता, बारा-तेरा फूट. पण काळ्या खडकाच्या तीन पायऱ्यांवरून पाणी अगदी सारखं, एका जाडीचं उतरत होतं. पायऱ्यांवर मेपलची ओली लाल पानं होती आणि मधल्या पायरीच्या कडेला बर्चचं एकच पिवळं पान. वेंडल काही वेळ नुसता बघत राहिला. मग त्याने ट्रायपॉड रोवला, भिंगावर चकाकी घालवणारी काच चढवली आणि ती हळूहळू फिरवली. ओल्या पानांवरची पांढरी झाक गेली, खालचा रंग वर आला. दोन सेकंदांच्या फोटोत पाण्याचं दूध झालं.

"ते पिवळं पान जरा अलीकडे घेऊ?" सायमीने विचारलं.

"हात लावू नका!" तो ओरडलाच. "बावीस वर्षांत मी एक पान हलवलेलं नाही, आजी. जिथे पडलं तिथेच ते बरोबर असतं. माणसाला असं मांडता येत नाही."

"बरं बाबा. ओरडतोस कशाला?"

दाट फांद्यांखाली हिरवी खूण पेटत नव्हती. त्याने कॅमेरा उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. तोंडातल्या तोंडात शिवी दिली.

"त्या उघड्या खडकावरून बघ," सायमी म्हणाली. "तिथून छान दिसतं."

उघड्या खडकावर चाळीस सेकंदांत खूण पेटली. त्याने अकरा फोटो घेतले.

परत आल्यावर सायमीने त्याला मांस-बटाट्याची गरम पेस्टी खाऊ घातली. निघताना त्याने तिला मिठी मारली आणि पुन्हा वचन दिलं. गाव मागे पडल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, फोटोतली जागा नकाशावर उघडली आणि मोठ्याने हसला. धबधबा महामार्गापासून जेमतेम तीनशे पावलांवर होता, जुन्या खडीच्या खाणीमागे. शेजारी ट्रकसाठी केलेलं ऐसपैस मोकळं मैदानही होतं. म्हातारीने त्याला तासभर उगाच रानातून फिरवलं होतं! लोक पाच मिनिटांत पोचतील. इतकी सुंदर गोष्ट एकटीने दडवून ठेवायची म्हणजे काय? त्याला अजिबात अपराधी वाटलं नाही. रविवारचा मथळा त्याने तिथेच बसून लिहिला.

त्याच वेळी सायमीचा भाचा ऊर्हो मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला आणि ओले बूट काढू लागला.

"पेटली का खूण, आत्या?"

"उघड्यावर नेलं तेव्हा पेटली मेली. या मोसमातला आठवा. पण बाकीचे सात एकीकडे आणि हा एकीकडे. चाळीस हजार माणसं आहेत याच्यामागे."

"काल एल्माकडे जाऊन आलो. बुटाचा एक ठसा नाही तिथे."

"कसा असेल? इथे चोरायला मिळाल्यावर तिकडे शोधायला कोण जातंय?" तिने त्याच्या ताटात पेस्टी वाढली. "लाल पानं आज जरा जास्तच टाकली होतीस, अर्ध्या पोत्यात भागतं. आणि खाऊन झालं की आधी खाणीवर जा आणि मोटर बंद कर. वीज उगाच जळतेय. धबधबा आता रविवारी सकाळी सातलाच चालू करायचा."