कार्डाची पाठ

"आजी, एक सांगू? जरा वाकडं कापाल का?"

कात्री थांबली. नकाशाबाईंनी चष्म्यावरून मॅडमकडे पाहिलं. आपल्या ऐकण्यात चूक झाली असं त्यांना क्षणभर वाटलं. पण कान शाबूत होते. बिघडले होते ते हात.

वृद्धाश्रमाचं जेवणघर. दुपारची भांडी उचललेली, टेबलं पुसलेली, अजून ओलसर. वर्तमानपत्र अंथरून त्यावर भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदांचे तुकडे. दुकानाने टाकलेले जुने नमुने. निळ्यावर पांढऱ्या वेली. पट्टे. अर्धा पक्षी. पुन्हा पट्टे. त्या पक्ष्याचा उरलेला अर्धा, चोच सोडून. उद्या या तुकड्यांतून केलेल्या शुभेच्छापत्रांचं विक्री-प्रदर्शन.

नकाशाबाईंनी उभा जन्म कचेरीत नकाशे काढले. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी त्याला शरण जायचं नाकारलं. आग विझवायला जिन्यात टांगलेल्या लाल बादलीतली वाळू चोरली, मोज्यात भरली आणि मोजा मनगटावर बांधला. वजनाने हात दबतो. मग श्वास सोडायचा, आणि पुढचा घ्यायच्या आत कात्री चालवायची. एका श्वासाला बोटभर. पण सरळ. दोन तुकड्यांमधला सांधा नखालासुद्धा लागू नये, असं.

"सरळ रेघ काय, कुणीही मारेल," शेजारून रेडिओ म्हणाली. "रंग कळावे लागतात बाई."

रेडिओ त्यांच्याच खोलीतली, पलीकडच्या खाटेवरची. तोंड मिटत नसे म्हणून रेडिओ. डोळ्यांत आता उजेड आणि रंगांचे डाग एवढंच शिल्लक होतं. तिची फुलं खाली डोकं वर देठ करून उभी असत, डिंक कडेने ओघळे, आणि तरी दर प्रदर्शनात तिचीच कार्डं आधी संपत. हे ती उठता-बसता ऐकवी.

मॅडम आश्रमाचा कारभार पाहत. वयाने नातीएवढ्या. त्यांनी मऊ आवाजात समजावलं. आजींची कार्डं लोकांना छापखान्यातली वाटतात. मागच्या वेळी एका बाईने तर तोंडावर विचारलं, ही खरंच म्हाताऱ्या माणसांनी केलीत का. तेव्हा तो मोजा काढून ठेवावा आणि जसं होईल तसं, मोकळ्या हाताने कापावं. नाहीतर आजींची कार्डं यंदा टेबलावर मांडता येणार नाहीत. कपाटातच राहतील.

मॅडमनी सगळ्यांची कार्डं एकत्र बांधून आणली होती. त्यातलं वरचं नकाशाबाईंनी उचललं. रेडिओचं होतं. सहज उलटलं.

पाठीवर शिक्का. जांभळी शाई, ताजी.

खालचं उलटलं. ते त्यांचं स्वतःचं. तोच शिक्का.

"काय गं, काय वाचतेयस?" रेडिओने विचारलं. "माझं आहे ना वरचं? काय लिहिलंय?"

नकाशाबाईंनी वाचून दाखवलं.

*थरथरत्या हातांनी, अंधूक डोळ्यांनी, तुमच्यासाठी.*

रेडिओ बंद पडली.

जेवणघरात नळाचं थेंब-थेंब गळणं ऐकू यायला लागलं. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे कार्डं संपायची त्यात रंगांचं काही नव्हतं?"

नकाशाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विझवायला बादलीत वाळूही नव्हती. ती मोज्यात होती.

शिक्का कुणाला विचारून मारला, असं त्यांनी विचारलं. मॅडम गडबडल्या. म्हणाल्या, त्यात वाईट काही नाही, लोकांचं मन भरून येतं, येणारे पैसे तुमच्याचसाठी बसवायच्या लिफ्टला लागणार आहेत. आणि शेवटी म्हणाल्या, "अहो आजी, पण खरंच आहे ना ते?"

"खरं आहे. म्हणूनच ते आमचं आहे," नकाशाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आम्ही कागद विकायला काढलाय. हात नाही. डोळेही नाहीत."

मॅडमना तेवढ्यात फोन आला, किंवा आल्यासारखं त्यांनी केलं. संध्याकाळी बोलू म्हणत त्या बाहेर पडल्या. गठ्ठा टेबलावरच राहिला.

नकाशाबाईंनी मोज्याची गाठ आवळली. पट्ट्यांच्या कागदाचा तुकडा ओढला. रागाने हात नेहमीपेक्षा जास्त उडत होता, वाळूलाही जुमानत नव्हता. त्या थांबल्या. श्वास सोडला. कापलं. पुन्हा थांबल्या. शिक्क्याच्या ओळीएवढी अरुंद पट्टी, कडेपासून कडेपर्यंत. डिंक लावून ती त्यांनी आपल्या कार्डाच्या पाठीवर बसवली. एक मात्रा वर डोकावली नाही, एक उकार खाली उरला नाही.

दुसरं कार्ड. तिसरं. कपाटात राहिली तर राहोत.

बऱ्याच वेळाने रेडिओने चाचपडत आपली कार्डं शोधली. डिंकाचे ओघळ बोटांना लागले की ते तिचं. एकेक वेगळं काढून तिने ती पुढे सरकवली.

"माझीपण झाक."

"झाकते."

"पण पट्टी वाकडी लाव हं. माझी कार्डं आहेत ती."

नकाशाबाईंनी दातांनी गाठ सोडली, वाळूचा मोजा टेबलावर ठेवला आणि मोकळ्या हातात कात्री घेतली.

हात थरथरला. त्यांनी थरथरू दिला.